सोळा ग्रॅम कडुनिंब

वैजापूर तालुक्यात रब्बी कांद्याच्या लागवडीला महिना झाला की युरियाचा दुसरा हप्ता टाकायची वेळ येते. गोणीचा दोरा ओढला की आधी नाकाला कळतं: निंबोळीच्या तेलाचा कडवट वास. घमेल्यात ओतलेले दाणेही पांढरेशुभ्र नसतात, किंचित पिवळट दिसतात. मग वाफ्यावाफ्यातून मूठमूठ खत फेकत जायचं.

४५ किलोच्या या गोणीत निंबोळी तेल असतं किती? खत नियंत्रण आदेशानुसार कमीत कमी ०.०३५ टक्के, म्हणजे जेमतेम सोळा ग्रॅम. वरणाच्या फोडणीला याहून जास्त लागतं.

एवढ्याशा तेलाची करामत पाहायची तर मातीत उतरावं लागतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण कांद्याच्या मुळांना ते बहुतांशी रूप बदलल्यावरच मिळतं. मातीतल्या जीवाणूंचं युरिएज हे विकर आधी युरिया फोडून त्याचा अमोनियम करतं. अमोनियमवर धन भार आणि काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे दोघांचं जमतं. तो तिथे धरून राहतो. पुढे नायट्रोसोमोनास नावाचे जीवाणू अमोनियमचा नायट्राइट करतात आणि दुसरे जीवाणू त्याचा नायट्रेट. नायट्रेटला मात्र माती धरत नाही. जास्तीचं पाणी दिलं की ते पाण्याबरोबर खाली उतरतं. कांद्याची मुळं उथळ, वरच्या वीतभर थरातली. विकतचं खत त्यांच्या हाताखालून निघून जातं.

निंबोळीतली कडू द्रव्यं आडवी येतात ती नायट्रोसोमोनासच्या पायरीवर. या जीवाणूंचं काम मंदावतं, अमोनियम आणखी काही दिवस टिकतो आणि नत्र पिकाला बेताबेताने मिळत राहतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७०च्या दशकातच निंबोळी पेंडीवर असे प्रयोग झाले. एक किलो पेंड पाच किलो युरियात मिसळण्याची शिफारस जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडपाठ असते. रस्त्याकडेच्या करंजाच्या बियांतलं करंजीनही हेच काम करतं. २०१५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या कारखान्यांना सगळाच युरिया नीमलेपित करायला लावला. अनुदानाचा युरिया शेताऐवजी कारखान्यांत आणि भेसळीच्या दुधात जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू होता.

त्याच रानात जीवाणूंची दुसरी एक करणी दिसते. ठिबकची नळी शेवटच्या टोकाला उघडली की आधी बुळबुळीत, तपकिरी गाळ बाहेर पडतो. त्यात माती असते, शेवाळ असतं आणि जीवाणूंनी स्वतःभोवती विणलेला चिकट थरही असतो. तो ड्रिपरच्या तोंडाशी साचला की थेंब थांबतो. हा थर धरू न देणारी द्रव्यंही वनस्पतींत आहेत. कांद्याच्या वाळक्या सालीतलं क्वेर्सेटिन त्यांपैकीच. प्रयोगशाळेत त्याने काही जीवाणूंचे थर पातळ झालेले दिसले आहेत. पण काचेच्या बशीतला जीवाणू वेगळा आणि विहिरीच्या पाण्याबरोबर नळीत शिरलेला वेगळा. ठिबकवाल्याच्या हाती आज ब्लीचिंग पावडर आणि आम्लच असतं, आणि बाजार समितीच्या आवारात कांद्याची सालं वाऱ्यावर उडत असतात.

निंबोळी तेलाच्या कामालाही मर्यादा आहे. अडवणूक होते ती दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीवरचं युरिएज जवळपास मोकळंच राहतं. युरिया ओलसर जमिनीवर उघडा पडला आणि पाणी दोन-तीन दिवस लांबलं, तर अमोनिया वायू होऊन उडतो. चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. दिवसा खत फेकून पंपासाठी रात्रीच्या लाईटची वाट पाहणाऱ्या माणसाला, आज लाईट आलीच नाही तर, हा हिशेब महागात पडतो.

कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी दोन गोण्यांना थोडं कमीच. निम्मं लागवडीला, उरलेलं तीस आणि पंचेचाळीस दिवसांनी दोन हप्त्यांत. उशिरा दिलेल्या नत्राने माना जाड होतात, जोडकांदे निघतात आणि चाळीतला माल लवकर सडतो. तेव्हा गोणीवर ‘नीम कोटेड’ लिहिलेलं असलं तरी पाण्याची खात्री करूनच खत टाकावं, लगेच पाणी द्यावं, आणि लागवडीला साठ दिवस झाले की उरलेल्या गोणीचं तोंड बांधून ठेवावं.