जुना संगणक : बदलावा की सुधारावा?

घरातील वस्तू जुनी झाली म्हणजे ती टाकावी की दुरुस्त करून घ्यावी, हा प्रश्न आपल्या कुटुंबांना नवा नाही. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. १९५६ साली नव्या राज्याची राजधानी भोपाळ झाली आणि तिच्याबरोबर अनेक मराठी कुटुंबेही या शहरात आली. त्या काळी भांड्यांना कल्हई लावून घेत, गादीचा कापूस पिंजून घेत. भांडे किंवा गादी सहसा टाकून देत नसत. आज घराघरांत मेजावर संगणक आहे, आणि त्याच्याविषयी मात्र दुकानात पुष्कळदा एकच सल्ला मिळतो : 'आता यात काही राहिले नाही, नवाच घ्या.' हा सल्ला केव्हा मानावा व केव्हा मानू नये, याचा विचार आज करावयाचा आहे.

श्रोतेहो, 'जुना' या एका शब्दाखाली आपण तीन निरनिराळ्या तक्रारी एकत्र करतो. संगणक मंद झाला, ही पहिली. त्याचा एखादा भाग निकामी झाला, ही दुसरी. आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीची, देखभाल कंपनीने थांबविली, ही तिसरी. तिन्हींचे औषध वेगवेगळे आहे.

मंदपणाचे मूळ पुष्कळदा हार्ड डिस्कमध्ये असते. दहा वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांत बहुधा फिरत्या तबकडीची डिस्क असे. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि ग्रामोफोनच्या सुईसारखी एक दांडी तिच्यावरील हवी ती जागा शोधते. प्रत्येक शोधाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु संगणक सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. एसएसडी या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच काम सुमारे शंभरपट वेगाने होते. रॅमचेही असेच आहे. डिस्क हे फडताळ, तर रॅम हा स्वयंपाकघरातील ओटा होय. ओटा अपुरा असला की प्रत्येक डबा पुन्हा फडताळात ठेवावा लागतो आणि स्वयंपाक रखडतो. चार जीबीची रॅम आठ जीबी केली, तर पत्रव्यवहार, हिशेब आणि मुलांचा अभ्यास यांना ती सामान्यतः पुरते. मात्र डीडीआर-३ जातीची रॅम डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, आणि काही पातळ लॅपटॉपांत ती पक्की डाखलेली असते. म्हणून खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

दुसरी तक्रार कधी कधी अगदीच स्वस्तात मिटते. संगणक बंद करून सुरू केला की तारीख चुकते आणि बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, अशा वेळी दोष बहुधा मदरबोर्डावरील नाण्याएवढ्या सेलचा असतो. यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, तर आधी पंख्यातील धूळ काढावी.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय त्या वेळी जाहीर झाली. परंतु ती केवळ मुदतवाढ होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचे बहुतेक सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर तिच्या मान्य यादीत नाहीत. म्हणजे यंत्र धडधाकट असूनही दार बंद! अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विनामूल्य प्रणाली घालता येते. तिच्यात मराठी टंकलेखनही होते. मात्र टॅलीसारखा विंडोजसाठी लिहिलेला कार्यक्रम ज्यांना रोज लागतो, त्यांनी नवे यंत्र घेणेच इष्ट. तसेच मदरबोर्ड गेला असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल, तर मोह सोडावा.

मग जुन्याचे काय करावयाचे? आधी डिस्ककडे लक्ष द्यावे. फाइल 'डिलीट' केली म्हणजे बहुधा केवळ अनुक्रमणिकेतील नोंद जाते, मजकूर राहतो. त्यात आधारची प्रत असेल, बँकेची कागदपत्रे असतील. म्हणून डिस्क काढून ठेवावी, किंवा ती पूर्णपणे पुसून घ्यावी.

आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवू नये. जुन्या सर्किटांच्या डाखात शिसे असते, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो; तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या की विषारी धूर निघतो. कचरा मागे ठेवणे म्हणजे काय, हे भोपाळला सांगावयास नको. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर युनियन कार्बाइडच्या आवारात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलविला गेला आणि त्याच वर्षी जूनअखेर जाळून संपला. चाळीस वर्षे लागली! घरातील एक संगणक त्या मानाने काहीच नव्हे. परंतु लक्षावधी घरांची बेरीज लहान नसते. याच शहरात २०२० साली महापालिका व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी 'ई-कचरा क्लिनिक'चा प्रयोग हाती घेतला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांकडे पोहोचविण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवा संगणक घेताना जुना परत घेण्याची सोय काय आहे, हे दुकानात अवश्य विचारावे.

तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी निदान, मग दुरुस्ती, आणि खरेदी शेवटी. या क्रमाने गेल्यास पैसा वाचेल, आणि आपल्या घरचे विष दुसऱ्याच्या अंगणात जाणार नाही.