बाळंतविडा शिवताना...

सातवा महिना लागला की घरातल्या ट्रंका उघडतात. जुन्या सुती साड्या, आजोबांचे धोतर, मोठ्या भावंडाची जपून ठेवलेली झबली बाहेर निघतात. शिलाई मशीनला तेलपाणी होते. क्रोशाची सुई आणि लोकरीचे गुंडे शोधले जातात. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, लंगोट, पायमोजे असा सगळा बाळंतविडा घरच्या घरी तयार होऊ लागतो. बाजारात तयार कपडे आणि डायपर मिळत असले, तरी आपल्या भागात ही पद्धत अजून टिकून आहे, आणि ती टिकावी असेच मला वाटते. माझ्या दोन्ही मुलांचे पहिले कपडे मी जुन्या साड्यांतूनच शिवले होते.

दवाखान्यात अनेकजणी मला विचारतात, "डॉक्टरबाई, बाळाला जुन्याचे शिवलेले चालते ना?" माझे उत्तर असते, चालते, एवढेच नव्हे तर ते चांगलेच आहे. मात्र कापड निवडताना, साठवताना आणि शिवताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या क्षुल्लक वाटतात, पण त्यांतल्या काही बाळाच्या जिवावर बेतू शकतात. आज त्यांचाच विचार करू.

जुने सुती कापडच का?

नव्या कापडाला खळ असते, शिवाय रंग आणि चकाकी टिकावी म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया केलेली असते. पुष्कळ वेळा धुतलेल्या साडीतून हे सर्व निघून गेलेले असते. तंतू मऊ पडलेले असतात आणि घाम, लघवी चांगली शोषली जाते. नवजात बाळाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. वजनाच्या मानाने तिचे क्षेत्रफळही जास्त असते. त्यामुळे कातडीला जे लागते त्याचा परिणाम बाळावर लवकर होतो. म्हणून कापड नवे घेतलेच, तर दोनतीनदा धुवूनच शिवायला घ्यावे.

नऊवारी साडी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. विरलेला भाग सोडला तरी तिच्यातून एक मीटर चौरसाचे पाचसहा तुकडे सहज निघतात. दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवले की छान दुपटे होते. उरलेल्या पट्ट्यांचे लंगोट होतात. कापड हातात धरून हलकेच ताणून पाहावे. वीण फाकत असेल तर त्याचा कपडा न करता गोधडीच्या आत भर म्हणून घालावे.

नायलॉन, टेरिलीन किंवा त्यांच्या मिश्रणाच्या साड्या दिसायला सुरेख असतात, पण बाळाला वापरू नयेत. त्या घाम शोषत नाहीत, त्यामुळे घामोळे उठते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्याकडे बाळबाळंतिणीला शेक-शेगडी, धुरी देण्याची चाल आहे. ठिणगी उडाली तर कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते आणि खोल भाजते. कापडाबद्दल शंका असेल तर त्याचा एक धागा चिमट्यात धरून, बाळापासून दूर, काडी लावून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. कृत्रिम धागा आक्रसून त्याची कडक गोळी बनते.

ट्रंकेतला तो वास

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. जुने कपडे कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असतात. ट्रंक उघडताच तो ओळखीचा वास येतो. या गोळ्या बहुधा नॅप्थॅलीनच्या असतात. हे द्रव्य हवेत उडते, कापडात मुरते आणि बाळाच्या श्वासातून व कातडीतून रक्तात जाऊ शकते. ते तेलात विरघळणारे असल्यामुळे, अंगाला तेल लावलेल्या बाळाला असा कपडा गुंडाळला तर ते अधिक शोषले जाते.

बहुतेक बाळांना यामुळे फारसे काही होत नाही. परंतु काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशींत जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचे एक विकर कमी असते. हे विकर रक्तपेशींचे रक्षण करते. ते कमी असले की नॅप्थॅलीनच्या माऱ्यापुढे तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. फुटलेल्या पेशींतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. नवजात बाळाच्या यकृताला ते तेवढ्या वेगाने बाहेर टाकता येत नाही. परिणामी तीव्र कावीळ होते. ती फार वाढली तर बिलिरुबिन मेंदूत शिरून कायमची इजा करते किंवा बाळ दगावते. हा दोष आनुवंशिक असून मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त आढळतो. आपल्या देशात काही समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. बाळाकडे पाहून तो ओळखता येत नाही. रक्ततपासणी केल्यावरच कळतो. म्हणून काळजी सर्वांनीच घेतलेली बरी.

काळजी सोपी आहे. बाळंतविड्यासाठी शक्यतो डांबर न लागलेलेच कापड घ्यावे. दुसरे नसेल, तर ते गरम पाण्यात साबणाने धुवावे, कडक उन्हात चारपाच दिवस उलटसुलट वाळवावे आणि पुन्हा धुवावे. नंतर नाकाशी धरून पाहावे. किंचितही वास येत असेल तर ते बाळासाठी वापरू नये. घरात कुणाला जी-सिक्स-पीडीचा दोष असल्याचे ठाऊक असेल, तर असे कापड कितीही धुतले तरी नकोच. बाळाच्या खोलीतील कपाटातूनही या गोळ्या काढून टाकाव्यात. रांगते मूल त्या खडीसाखर समजून तोंडात घालते, हा धोका वेगळाच. कापूरही पोटात गेला तर विषारी आहे, तेव्हा त्याचा पर्याय करू नये. कपडे स्वच्छ धुवून, उन्हात खडखडीत वाळवून, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. अधूनमधून ऊन दाखवावे.

पुष्कळ नवजात बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि ती आपोआप उतरते. मात्र पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत पोचला, बाळ सुस्त झाले, अंगावर पिईनासे झाले, फिकट दिसू लागले किंवा लघवी गडद चहासारखी झाली, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे. अशा वेळी कोवळ्या उन्हात ठेवणे, काविळीचा उतारा करणे यांत वेळ घालवू नये. जाताना ट्रंकेतले कपडे वापरल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. निदानाला त्याची मदत होते.

एक धागा आणि एक बोट

काही वर्षांपूर्वी तीन महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे आणले होते. सकाळपासून त्याचे रडणे थांबत नव्हते. पोटात दुखत असेल म्हणून हिंग लावून झाले, दृष्टही काढून झाली. कान, पोट, घसा सगळे ठीक होते. पायातले लोकरीचे मोजे काढले, तेव्हा एका पायाचे मधले बोट लाल होऊन टम्म सुजलेले दिसले. बोटाच्या मुळाशी बारीक खाच होती आणि त्या खाचेत लोकरीचा एक तंतू रुतलेला होता. तो काढल्यावर थोड्याच वेळात बाळ शांत झोपले.

मोजे आजीने मोठ्या हौसेने विणले होते. बाहेरून ते अगदी सफाईदार होते, पण आतल्या बाजूला धाग्यांची टोके मोकळी सुटलेली होती. बाळ पाय हलवत असते. त्यात धागा बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो. आधी रक्त परत जाण्याचा मार्ग बंद होतो, त्यामुळे सूज येते. सूज आली की धागा आणखी रुततो. शेवटी रक्तपुरवठाच थांबतो आणि बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. आईचा केसही असेच करतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस गळतात आणि धुताना ते मोज्यांत अडकून बसतात.

म्हणून मोजे, हातमोजे, टोपडी शिवून किंवा विणून झाली की आधी उलटी करावीत. लोंबणारी टोके विणीत ओवून घट्ट करावीत आणि उरलेली कातरून टाकावीत. दर धुण्यानंतर पुन्हा उलटे करून पाहावे. क्रोशाची जाळीदार नक्षी टेबलक्लॉथला शोभते, परंतु बाळाच्या कपड्याला वीण भरीव असावी, नाही तर भोकांतून बोटे अडकतात. झबल्याची शिवण बाहेरच्या बाजूला घेतली तर ती टोचत नाही आणि सुटे धागेही आत येत नाहीत.

बाळ काही केल्या रडायचे थांबत नसेल, तर त्याला पूर्ण उघडे करून हातापायाचे प्रत्येक बोट तपासावे. मुलगा असेल तर त्याची लघवीची जागाही पाहावी. धाग्याचे टोक दिसले तर हलक्या हाताने उलगडावे. रुतलेला असेल तर घरी ब्लेडने कापायच्या भरीस पडू नये, लगेच डॉक्टरांकडे यावे.

बंद, बटणे आणि शोभा

झबल्याला बटणांऐवजी बंद लावावेत हे आपल्या जुन्या बायकांचे शहाणपण योग्यच होते. बटण सुटून बाळाच्या तोंडात गेले तर श्वासनलिकेत अडकते. मणी, टिकल्या, घुंगरे यांचेही तेच. तरीही बटण लावायचेच असेल, तर ते दुहेरी दोऱ्याने शिवून जोराने ओढून पाहावे. बंद आखूड आणि छातीच्या किंवा कमरेच्या बाजूला असावेत, गळ्याशी लांब नाडी नको. टोपड्याचे हनुवटीखालचे बंद सैल बांधावेत आणि झोपवताना टोपडे काढून ठेवावे. चिंध्यांची बाहुली किंवा हत्ती शिवलात, तर डोळे मण्यांचे न लावता दोऱ्याने भरावेत.

उशी, गोधडी, झोळी

डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी शिवण्याची पद्धत आहे. पहिल्या वर्षात बाळाला उशीची गरज नसते. उशीत नाक दबले तर बाळाला मान वळवता येत नाही, आणि शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाते. डोके एकाच बाजूने चपटे होऊ नये म्हणून झोपवताना कुशीची दिशा बदलावी लागत नाही. बाळाला नेहमी पाठीवरच, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावे, डोक्याची बाजू तेवढी आलटूनपालटून बदलावी. ते जागे असताना आपल्या देखत थोडा वेळ पालथे ठेवावे.

गोधडी जाड, जड नसावी. पांघरूण छातीपर्यंतच घेऊन कडा गादीखाली खोचाव्यात. तोंडावर पांघरूण नको. बाळाला ऊब पुरेशी आहे की नाही हे हातपायांवरून पाहू नये, मानेमागे हात लावून पाहावे. तिथे घाम असेल तर एक थर कमी करावा.

जुन्या साडीची झोळी शेतावर, घरात सोयीची असते. पण बाळ मोठे झाल्यावर ती तशीच टांगून ठेवली, की थोरली मुले तिच्यात बसून गोल फिरतात. पीळ बसून साडी गळ्याभोवती आवळली जाते. अशा अपघातांत मुले दगावली आहेत. वापर संपला की झोळी सोडून ठेवावी.

शिवणाऱ्यांसाठी दोन शब्द

सुया मोजून डबीत ठेवाव्यात आणि काम संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. शिवताना बाळ मशीनच्या चाकापट्ट्यापासून लांब असावे. सुई पायात मोडली तर चोळू नये, चालू नये. डॉक्टरांकडे जावे, फोटो काढावा लागतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईनासा झाला, तर "नजर गेली" म्हणून क्रोशा ठेवून देऊ नये. डोळे तपासून चाळिशी लावून घ्यावी. मोकळा राहिलेला धागा दिसायला नजर चांगली हवी. दर अर्ध्या तासाने उठून मान-पाठ मोकळी करावी.

शिवून झाल्यावर हे पाहा

१. कापड सुती आहे, आणि डांबराचा वास अजिबात नाही.
२. कपडा उलटा केला, सुटा धागा नाही.
३. बटण, मणी ओढून पाहिले. गळ्याशी लांब नाडी नाही.
४. सुया मोजल्या, पुऱ्या भरल्या.
५. साबणाचा अंश न ठेवता धुतले, उन्हात वाळवले.

एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या असतील, तर तेवढ्या आजच काढून टाकाव्यात.