व्हिडिओ लागत नाही? मग जरा थांबा!

धम्मबंधू-भगिनींनो, मंगल परिणय असो, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो की धम्मचक्र अनुप्रवर्तन दिन, आज त्याचे चित्रण पेनड्राइव्हमधून घरी येते. सारे घर संगणकासमोर बसते आणि पडद्यावर उमटते, 'कोडेक नाही'! मग धावाधाव सुरू होते आणि त्या घाईतच घात होतो.

कोडेक म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. १९२० बाय १०८० ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रांचे एक तासाचे चित्रण जसेच्या तसे साठवायचे तर सुमारे ५६० जीबी जागा लागेल. म्हणून ते आकसून ठेवतात आणि पाहताना उलगडतात. या रीतीला कोडेक म्हणतात. २००३ ची एच.२६४ आणि २०१३ ची एच.२६५ या त्यातल्या प्रचलित रीती. एमपीफोर, एमकेव्ही ही नावे डब्याची. डबा तोच, पण आतली भाजी वेगळी. म्हणून एक एमपीफोर फाइल लागते, दुसरी लागत नाही.

२००५ च्या अखेरीस 'झ्लॉब' नावाचा घातक प्रोग्राम पसरू लागला. 'व्हिडिओसाठी हा कोडेक घ्या' असे सांगून तो संगणकात शिरे. अशी फसवणूक आजही होऊ शकते. ज्या संगणकावर मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँकेचे व्यवहार होतात, तिथे चोराला आपणच दार का उघडावे?

यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवतो. एक, व्हिडिओ पाहताना आलेला कोडेक कधीही उतरवू नका. दोन, व्हीएलसी हा प्लेअर घ्या. १९९६ मध्ये फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली. तो फुकट आहे आणि बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असतात. मात्र तो व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहूनच घ्या आणि वेळोवेळी अद्ययावत करा. तीन, फाइलचे पूर्ण नाव वाचा. विंडोजमध्ये 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' सुरू करा. नावाच्या शेवटी ईएक्सई दिसले, तर तो व्हिडिओ नव्हे, प्रोग्राम आहे. तो उघडू नका.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूरही त्याच कसोटीवर घासून घ्यावा. मुलांना हे आजच समजावून सांगा. जयभीम!