दगडांची बाराखडी

(प्रतिनिधी)

बारावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेच्या प्रवेशअर्जांवर ठरावीक विषयांपुढे खुणा होऊ लागतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, सूक्ष्मजीवशास्त्र, संगणकशास्त्र वगैरे. मोजक्या महाविद्यालयांच्या यादीत आणखी एक नाव असते, भूशास्त्र अर्थात जिऑलॉजी. ते निवडणाऱ्या विद्यार्थ्याला घरून दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'म्हणजे भूगोलच ना?' आणि दुसरा, 'दगडांचा अभ्यास करून पुढे काय?'

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवल्या जाणाऱ्या भौतिक भूशास्त्राच्या, म्हणजेच 'फिजिकल जिऑलॉजी'च्या प्राथमिक अभ्यासक्रमात सापडतात. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गाडले गेलेले माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळलेली इर्शाळवाडीची दरड या घटना पाहिलेल्या महाराष्ट्रात ही उत्तरे केवळ विद्यार्थ्यांनीच जाणून घ्यावीत असे नाही.

काय शिकायचे?

भूगोल डोंगर कोठे आहे आणि त्याचा माणसाच्या जगण्याशी संबंध काय, हे सांगतो. भूशास्त्र तो डोंगर कशाचा बनला, कधी बनला आणि आता कसा झिजतो आहे, हे विचारते. पहिल्या वर्षाचा क्रमही साधारणतः असाच असतो. आधी पृथ्वीची अंतर्रचना आणि भूपट्टांची हालचाल, मग खनिजे, त्यानंतर अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित खडक. पुढे झीज, नद्या, भूजल, समुद्रकिनारे, भूकंप आणि ज्वालामुखी. यादी लांबलचक असली तरी तिच्यामागचे सूत्र एकच आहे. जमीन एकसारखी नाही आणि ती स्थिरही नाही.

अनेक विद्यार्थ्यांची चूक होते ती येथेच. शेकडो नावे पाठ करणे म्हणजे भूशास्त्र, असा समज करून घेतला की विषय रुक्ष वाटू लागतो. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर मात्र पाठांतर फारसे कामी येत नाही.

हातात दगड घेताना

समजा, टेबलावर दोन पांढरे स्फटिक ठेवले आहेत. दोन्ही आपल्याच बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये सापडणारे. एक कॅल्साइट, दुसरे क्वार्ट्झ. रंगावरून त्यांतील फरक कळत नाही. म्हणूनच खनिज ओळखताना रंगावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवायचा, हा पहिला धडा.

दुसरी कसोटी कठिनतेची. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये दहा खनिजांची श्रेणी ठरवली. तीत शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. आपले नख साधारण अडीचचे, काच साडेपाचच्या आसपासची. कॅल्साइटची कठिनता ३, त्यामुळे त्याने काचेवर ओरखडा उमटत नाही. क्वार्ट्झची ७, त्याने तो सहज उमटतो. खात्री हवी असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकावा. कॅल्साइटवर फसफसून बुडबुडे येतात, क्वार्ट्झ ढिम्म राहते. फोडून पाहिले तर कॅल्साइटचे तिरक्या पेटीसारखे तुकडे होतात. क्वार्ट्झ शिंपल्यासारखे वक्राकार फुटते.

चमक, कस (म्हणजे खनिजाच्या चूर्णाचा रंग), पाटन, भंजन अशा कसोट्या एकामागून एक लावत जायचे आणि मगच नाव घ्यायचे, ही सवय एकदा लागली की अर्धा अभ्यास झाला. इंग्रजी संज्ञांनी बिचकणाऱ्या मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना मराठी विश्वकोशातील खनिजे आणि खडकांवरच्या नोंदींचा चांगला आधार मिळतो.

काळाचे गणित

सर्वांत अवघड जातो तो काळ. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. हा सगळा काळ एका वर्षात बसवला, तर महाराष्ट्राचे पठार घडवणारा लाव्हा २६ डिसेंबरच्या सुमारास वाहू लागला, असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात ही घटना सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. आधुनिक मानव तर ३१ डिसेंबरच्या रात्री, अखेरच्या अर्ध्या-पाऊण तासात अवतरतो.

जेम्स हटन या स्कॉटिश अभ्यासकाने १७८८ मध्ये सिकार पॉइंटच्या किनाऱ्यावर जवळजवळ उभ्या थरांवर टेकलेले, किंचित कललेले तांबडे वालुकाश्म पाहिले. खालचे थर साचून, उभे होऊन आणि झिजून गेल्यावरच वरचे थर बसले असणार. म्हणजे मध्ये प्रचंड काळ लोटला असणार, हे त्याने ताडले. असाच खंड आपल्या पायाखालीही आहे. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट २५० कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटसदृश खडक लागला.

प्रयोगशाळा दाराबाहेर

महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याचे भाग्य असे की त्याला पाठ्यपुस्तकातील चित्रे शोधायला दूर जावे लागत नाही. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टने व्यापला आहे. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे नीट पाहिले तर लाव्ह्याचे थर मोजता येतात. खाली घट्ट काळा पाषाण, वर वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला भाग, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लालसर मातकट पट्टा. तो दिसला की दोन उद्रेकांमध्ये काही काळ विश्रांती होती, असे समजावे. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल थंड होताना आकुंचन पावलेल्या लाव्ह्याचे खांब दाखवते. निघोजचे रांजणखळगे नदीने गोट्यांच्या साहाय्याने खडक कसा कोरला ते सांगतात, तर लोणारचे विवर उल्कापाताची साक्ष देते.

हातोडी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, थरांचा कल मोजणारे क्लायनोमीटर आणि वही एवढ्या सामग्रीवर क्षेत्रभेट होते. यातील वहीच सर्वांत मोलाची. आधी जे दिसले ते लिहायचे, त्याचा अर्थ नंतर लावायचा, अशी शिस्त तिथे लागते.

विहीर, दरड आणि हादरा

या शिस्तीचा उपयोग काय, ते विहिरीजवळ कळते. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी साठायला जागा जवळजवळ नसते. ते साठते वरच्या मुरुमात, झिजलेल्या सच्छिद्र थरात आणि पाषाणातील भेगांमध्ये. म्हणूनच एका शेतातील विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडची कोरडी जाते. कर्ज काढून एकामागून एक बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पहिल्या वर्षाचा हा धडा लाखमोलाचा आहे.

दरडीचेही तसेच. घट्ट खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर, त्याला तीव्र उतार आणि वर दिवसेंदिवस मुसळधार पाऊस, असा योग आला की मातीचे वजन वाढते, कणांमधील पाण्याचा दाब वाढतो आणि उताराला धरून ठेवणारे घर्षण कमी होते. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. उताराला नव्याने भेगा पडणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. ती ओळखायला पदवी लागत नाही. ती कोणीतरी शिकवलेली असावी लागतात.

किल्लारीने तर दख्खनचे पठार अचल आहे, हा समजच मोडला. सुमारे ६.२ तीव्रतेचा तो भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला आणि जवळपास दहा हजार बळी गेले. त्यांतील बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली सापडले. भूपट्टाच्या मध्यभागीही ताण साठू शकतो, हे भूशास्त्र सांगते. घर कसे बांधावे, हा त्यापुढचा प्रश्न.

पुढे काय?

फर्ग्युसन, सेंट झेवियर्ससारख्या महाविद्यालयांत पदवीपर्यंत हा विषय घेता येतो. पुढे विद्यापीठांत किंवा 'जॅम' परीक्षेद्वारे आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत एम.एस्सी. करता येते. पदव्युत्तर पदवीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून, १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात आणि केंद्रीय भूजल मंडळात प्रवेश मिळतो. तेल, कोळसा, खाणी, धरणे आणि बोगदे ही क्षेत्रेही आहेत. अर्थात, जागा मर्यादित आहेत आणि उन्हातान्हात हिंडण्याची तयारी हवी, हे आधीच समजून घेतलेले बरे.

मात्र पहिले वर्ष केवळ नोकरीच्या हिशेबात मोजू नये. ते पूर्ण करणारा विद्यार्थी पुढे बँकेत गेला किंवा शिक्षक झाला, तरी डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या वसाहतीसमोर थांबून तो एक प्रश्न नक्की विचारेल, 'या उताराखाली काय आहे?' हा प्रश्न वेळेवर विचारणारी माणसे प्रत्येक ग्रामसभेत आणि गृहनिर्माण संस्थेत असायला हवीत.