किहीमकरांचे आडनाव आणि गॉल्टनचे गणित

ज्यांची घरची भाषा पिढ्यान्पिढ्या मराठी आहे आणि ज्यांना कुलाबा जिल्ह्यातील गावकरी शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, त्या बेने इस्राएल समाजातील किहीमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावे दोन हजार वर्षांपूर्वी आलेल्या यहुदी कुळांची समजावीत काय, आणि हल्लीच्या डीएनए तपासणीने त्या कुळांचा मूळपुरुष हुडकता येईल काय, असा दुहेरी प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ या एका शब्दात देता येते. दुसऱ्यासाठी थोडे गणित करावे लागेल, आणि ते गणित मला प्रिय असल्यामुळे वाचकांनी दोन घटका धीर धरावा.

किहीमात राहणाऱ्याला किहीमकर म्हणण्याची गरज किहीमात कोणालाच पडत नाही. तो गाव सोडून मुंबईच्या गोदीत किंवा कंपनी सरकारच्या पलटणीत रुजू झाला, आणि हजेरीपटावर एकाच नावाचे चारपाच इसम निघाले, म्हणजे कारकुनाला गावाची आठवण होते. अशा आडनावाचे एस.टी.च्या तिकिटासारखे आहे: प्रवासी कोठे चढला एवढे त्यावरून कळते, त्याचे घर कोठे ते कळत नाही. बेने इस्राएलांचे मुंबईकडे स्थलांतर प्रामुख्याने अठराव्या शतकात सुरू झाले. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली ज्यांनी बांधले ते पलटणीतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर. यांतील सामाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे एझिकेल, हे सांगितल्यावाचून उमगू नये इतकी ही नावे कोकणच्या मातीत मुरलेली होती. पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूचे व इंग्रजीचे शिक्षण मिळू लागल्यावर चाक उलट फिरले, सामाजीचे पुन्हा सॅम्युएल झाले, आणि अनेकांनी गावाचे नाव गाळून बापाचे किंवा आजाचे नाव हेच आडनाव केले. डेव्हिड अब्राहम चेऊलकर या गृहस्थांना आपण सारे ओळखतो, परंतु रुपेरी पडद्यावरच्या नामावळीत ते केवळ ‘डेव्हिड’ असत.

किहीमचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो की सलीम अलींनी १९३० साली याच गावी राहून सुगरणीचा बहुपत्नीक संसार उलगडला, आणि भारतीय फुलपाखरांचे जे पुस्तक आज निसर्गप्रेमींच्या हाती असते त्याचे कर्ते आयझॅक किहीमकर होत. पण या आडनावाचे खरे मानकरी हाईम सॅम्युएल किहीमकर. १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढणाऱ्या या गृहस्थांनी १८९७ मध्ये समाजाचा जो विस्तृत इतिहास लिहून पुरा केला, तो त्यांच्या पश्चात १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. ग्रंथाने लेखकाच्या वंशजांपूर्वीच स्थलांतर केले असे म्हणावयास हरकत नाही.

युरोपातील यहुद्यांची आडनावेही फारशी प्राचीन नाहीत. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने १७८७ साली फर्मान काढून त्यांना कायमचे आडनाव घेण्याची सक्ती केली, कारण करवसुलीच्या आणि लष्करभरतीच्या दप्तराला ‘अमक्याचा मुलगा तमका’ पुरेनासा झाला होता. त्याहून जुने असलेले शपीरो हे आडनाव श्पायर या जर्मन नगरावरून आले असे सामान्यतः मानतात, आणि तेही किहीमकरांच्याच जातीचे, नगर सुटल्यावर उरलेले.

आता गणित. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते, तसे वाय गुणसूत्रही जाते. म्हणून एकाच्या नाशाचा हिशेब दुसऱ्यालाही लागू पडतो. प्रतिष्ठित घराण्यांची आडनावे लोप पावताना पाहून फ्रान्सिस गॉल्टनने १८७३ साली हा हिशेब जाहीरपणे मागितला आणि हेन्री वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने तो मांडून दिला. दुर्दैवाने त्याच्या समीकरणाला दोन उत्तरे असू शकतात, त्यांतील एक नेहमीच ‘नाश निश्चित’ असे असते, आणि वॉटसन तेथेच थांबला. जगातील प्रत्येक आडनाव केव्हातरी बुडणारच, असा विपरीत सिद्धांत त्यामुळे पन्नास वर्षांवर नांदला. दुःख याचे की फ्रान्सच्या अर्थखात्यातील अधिकारी बिएनेमे याने १८४५ सालीच योग्य उत्तर देऊन ठेवले होते: सरासरी मुलगे एक किंवा त्याहून कमी असतील तर नाश अटळ, अधिक असतील तर तरण्याचा संभव आहे. १८४८ च्या क्रांतीत या गृहस्थाची नोकरीही सुटली. त्याचे ते टिपण उजेडात यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि आजही पाठ्यपुस्तके या सिद्धांताला गॉल्टन-वॉटसन यांचेच नाव देतात, याचा मला मनस्वी राग येतो.

हा हिशेब बेने इस्राएलांना लावून पाहू. परंपरा सांगते की नौगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. किहीमकर ही घटना ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराची मानतात. ढोबळपणे ऐंशी पिढ्या धरू. दर पुरुषामागे सरासरी बरोबर एक मुलगा धरला, तर ऐंशी पिढ्यांनंतर एखादी पितृपरंपरा टिकण्याचा संभव चाळिसांत एक, आणि सातांपैकी एकतरी टिकण्याचा सहांत एक. सरासरी एक पूर्णांक एक दशांश धरली तर साताचे सुमारे चौदा हजार पुरुष होतात; विसाव्या शतकाच्या मध्यास स्त्री-पुरुष मिळून हा समाज वीस हजारांच्या घरात होता, तेव्हा प्रमाण अगदीच अवास्तव नव्हे. पण याही हिशेबात सातांपैकी टिकणार एखाददुसरी परंपरा! गावागावांची शेकडो आडनावे आणि त्यांच्या मुळाशी मोजके मूळपुरुष, असे हे चित्र आहे. एका आडनावाखाली अनेक वंश आणि एका वंशात अनेक आडनावे सुखेनैव नांदू शकतात. चित्पावन दिवेकर आणि बेने इस्राएल दिवेकर यांचे आडनाव तर एक आहेच.

यामुळे ‘पुरोहितांचे जनुक’ सापडल्याच्या वार्तांकडे मी साशंकतेने पाहतो. कोहेन म्हणवणाऱ्या पुरोहितवंशीय यहुद्यांत वाय गुणसूत्राची समान खूण विपुल आढळते, असे १९९७-९८ च्या शोधनिबंधांनी दाखविले, आणि ते काम उत्तम होते. परंतु सहाच चिन्हांवर आधारलेली ती खूण सुमारे निम्म्या कोहेनांतच होती आणि पुढे ती अरबांतही भेटली. तीच बेने इस्राएलांत मिळाल्याची बातमी या शतकाच्या आरंभी झळकली, तेव्हा वृत्तपत्रांनी मोशेच्या भावाचे थेट वारस कोकणात उतरविले. २०१६ सालच्या अभ्यासाची भाषा अधिक संयमाची आहे. अठरा व्यक्तींच्या जनुकसंचावरून पश्चिम आशियाई आणि भारतीय असे दोन्ही अंश त्यात स्पष्ट दिसले, आणि त्यांचे मिश्रण सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी घडल्याचे अनुमान निघाले. आगमनाचा काळ आणि मिश्रणाचा काळ एकच असेल असे नाही. तेव्हा या आकड्याने गलबताची कथा खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही.

त्याच अभ्यासात पश्चिम आशियाई अंश पित्यांकडून आणि भारतीय अंश मातांकडून अधिक आल्याचे दिसले. गॉल्टनच्या हिशेबात या मातांना आणि त्यांच्या मुलींना मुळी स्थानच नाही, आणि हा त्याचा दोष वॉटसनच्या चुकीहून मोठा, असे माझे मत आहे. महात्मा गांधींवर उपचार करणारे डॉ. अब्राहम एरुळकर हे याच समाजातले. मुंबईत जन्मलेली त्यांची कन्या लीला लंडनला गेली, तेथून विवाहानंतर सायप्रसला, आणि १९९३ ते २००३ या काळात राष्ट्राध्यक्ष ग्लाफ्कोस क्लेरिडिस यांची पत्नी म्हणून त्या देशाची प्रथम महिला होती. एरुळकरांच्या आडनावाचा हिशेब मांडणाऱ्या गणितीच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे शून्य पडेल.