लेझरच्या पोटात लॅनची वायर

गॅदरिंगला दिसणारा लेझर शो म्हणजे खरं तर एकच ठिपका. गॅल्व्होवरचे दोन इवले आरसे तो सेकंदाला साधारण 30,000 बिंदूंवर पळवतात, आणि आपल्याला चित्र दिसतं.

कंट्रोलर बाहेर असला तर ॲनालॉग सिग्नल 25 पिनांच्या इल्डा केबलने जातात. केबल लांबली की डिमरचा नॉईज घुसतो, रेषा थरथरते. म्हणून इथर ड्रीमसारखं कार्ड प्रोजेक्टरच्या डब्यातच बसवायचं, हीटसिंकपासून जरा लांब. बाहेरून फक्त लॅनची वायर, 100 मीटरपर्यंत बिनधास्त.

खरी मेख इंटरलॉकमध्ये आहे. पिन 4 आणि 17 जोडलेल्या असतील तरच लेझर पेटायला हवा; केबल निसटली की बंद. कार्ड आत गेलं की बरेच जण ह्या पिना सरळ शॉर्ट करून टाकतात. मग नेटवर्क अडकून किरण एकाच जागी थांबला, तर प्लगपर्यंत धावायचं! 2023 च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिकमध्ये लेझरने तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. तेव्हा त्या दोन वायरी बाहेर काढून लाल इमर्जन्सी बटणाला जोडा. सॉफ्टवेअरमधलं 'स्टॉप' त्या जागी चालत नाही.

पहिली चाचणी कमी पॉवरवर, कोऱ्या भिंतीवर, त्या त्या रंगाच्या लेझरचा गॉगल लावून. उन्हाचा काळा गॉगल नव्हे.