टकळी आणि पेटी-चरखा

वीतभर लांबीची पोलादी काडी, तिच्या खालच्या अंगाला जुन्या रुपयाएवढी पितळेची चकती आणि वरच्या टोकाला सूत अडकून राहील इतकाच आकडा, एवढ्या ऐवजावर जिचा सारा कारभार चालतो त्या टकळीकडे यंत्र म्हणून पाहण्याची सवय आपल्याला राहिलेली नाही. आणि तरीही कापसाच्या तंतूंपासून धागा निर्माण करण्याचे जे शास्त्र आहे, ते समग्र शिकवण्याचे सामर्थ्य जितके या क्षुद्र दिसणाऱ्या साधनात आहे, तितके तिच्याहून कितीतरी प्रगत अशा साधनांत मला आढळलेले नाही. टकळी स्वतः जवळजवळ काहीच करीत नाही. ती फिरते आणि फिरता फिरता पीळ देते, एवढेच. तंतू किती सोडायचे, केव्हा आवरायचे, धागा किती बारीक होऊ द्यायचा, हे सारे निर्णय ती कातणाऱ्याच्या बोटांवर सोपवते. म्हणून बोटांना ते शिकावेच लागतात.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, रूळ आणि खाडी यांच्या बेचक्यात वसलेल्या आमच्या कोपरीत बसून सुताविषयी लिहिणे अप्रस्तुत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या वर्णनात येथल्या कापडाची आणि कापसाची नोंद केली आहे. रूळ ओलांडून पलीकडे गेले की 1925 साली स्थापन झालेल्या रेमंडच्या लोकरी गिरणीचा एकेकाळचा मुलूख, आणि खाडीपार भिवंडीचे यंत्रमाग. परंतु हाताने सूत काढण्याची विद्या शोधायची तर ती या मोठ्या उद्योगांत सापडत नाही. ती देवघरात सापडते.

कापसाची सरकी काढून, तो बोटांनी पिंजून, त्याच्या वाती वळणे, फुलवाती करणे, पूजेसाठी वस्त्रमाळ करणे, आणि काही घरांतून जानव्याचे सूत टकळीवर कातणे, या गोष्टी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि त्यांत कताईचा अर्धा अभ्यासक्रम सामावलेला आहे. आमच्या शेजारच्या आजींनी चातुर्मासात लक्षवातींचा नेम अनेकदा पुरा केलेला. त्यांच्या हाती टकळी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, दिले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वात ओढताना हात जसा हलका ठेवायचा, तसाच इथं ठेवायचा ना?” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी डाव्या हाताने पेळू मागे नेण्यास प्रारंभ केला. तार निघाली. तुटली, ती वात आणि सूत यांतल्या फरकाने: वातीत ओढ संपली की काम संपते, सुतात ओढ आणि पीळ यांना एकाच क्षणी चालावे लागते, आणि ती सांगड त्यांच्या बोटांना अजून पुरती बसली नव्हती. संध्याकाळपर्यंत ती बसली.

या सांगडीत जे घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. पेळूतून तंतू ओढले जात असता धाग्यात कोठे जाड, कोठे बारीक असे भाग पडतात. आता पिळाचा स्वभावच असा की तो आधी बारीक भागाकडे धावतो, आणि त्या भागाला पीळ बसला की तो घट्ट होऊन आणखी ताणला जाण्याचे नाकारतो. जाड भाग मात्र अद्याप सैल असल्यामुळे हाताच्या ओढीने तोच लांबतो, बारीक होतो, आणि मग त्यालाही पीळ मिळतो. अशा रीतीने धागा स्वतःची विषमता स्वतःच दुरुस्त करीत जातो. कातणाऱ्याने फक्त इतके पाहावयाचे की पीळ फार लवकर पोचू नये आणि फार उशिराही पोचू नये. लवकर पोचला तर जाड गाठ तशीच राहते, उशिरा पोचला तर तंतू निसटून तार तुटते. या दोहोंमधला अवकाश डोळ्यांना दिसत नाही, अंगठा आणि तर्जनी यांनाच तो कळतो. आणि टकळी सावकाश फिरत असल्याकारणाने शिकाऊ बोटांना तो कळण्यापुरती फुरसत मिळते.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने उद्योगाद्वारे शिक्षण हा सिद्धांत मान्य केला, आणि पुढे स्वातंत्र्यानंतर मूलोद्योग म्हणून सूतकताई आपल्या प्राथमिक शाळांत आली, तेव्हा टकळी लाखो मुलांच्या दप्तरात जाऊन पोचली. त्यांपैकी फार थोड्यांना पुढे कातता आले, याचा दोष मी ना मुलांना देईन ना टकळीला. दोष पेळूचा होता असे माझे मत आहे. गांधीजींच्या आत्मकथेत याचा दाखलाच आहे: गंगाबेन मजमुदारांना बडोदे संस्थानातील विजापुरात चरखे सापडले ते घराघरांच्या माळ्यांवर अडगळ होऊन पडलेले, आणि ज्यांचे ते होते त्यांनी कातण्याची तयारी दाखवली ती या अटीवर, की पेळू कोणीतरी नियमाने पुरवावेत आणि कातलेले सूत विकत घ्यावे. साधन होते, हातही होते. नीट पिंजलेला कापूस नव्हता. जे वाईट पिंजलेल्या, गुठळ्या पडलेल्या पेळूवर शिकायला बसतात, त्यांची तार शंभरदा तुटते आणि ते स्वतःला मठ्ठ समजून उठून जातात. हा अन्याय आहे, आणि तो टाळणे शिकवणाऱ्याच्या हाती आहे.

टकळीवर हात बसला म्हणजे पेटी-चरख्याकडे वळावे. मिटलेली असता जाड ग्रंथासारखी दिसणारी ही सागवानी पेटी उघडली की आत दोन चक्रे आडवी निजलेली दिसतात, एक मोठे आणि एक लहान. मुठीने मोठे चक्र फिरवावे, त्यावरील दोरीने लहान चक्राचा आस फिरतो, आणि लहान चक्रावरील दुसऱ्या दोरीने चाती, म्हणजे सूत कातणारी टोकदार सळई. दोन टप्प्यांनी वेग वाढत गेल्यामुळे, उभ्या चरख्याला जे काम करण्यासाठी हातभर व्यासाचे चाक लागे ते या पेटीत बसते, आणि तीच पेटी बगलेत मारून माणूस प्रवासास निघू शकतो. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी या रचनेच्या सुधारणेत मन घातले आणि त्यामुळे तिला येरवडा-चक्र हे नाव पडले.

चातीवर सूत घेण्याची रीत डोळ्यासमोर आणावी: तार चातीच्या टोकावरून तिरकी सुटते तोवर प्रत्येक फेऱ्याला पीळ पडतो, हातभर तार झाली की चक्र किंचित उलटे फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, हात आडवा आणून तार चातीशी काटकोनात धरायची, आणि मग तीच चाती पीळ देण्याचे सोडून सूत गुंडाळू लागते, कुकडी भरू लागते. केवळ कोन बदलल्याने एकाच अवयवाने दोन कामे करावीत, अशी काटकसर थोड्या यंत्रांत दिसते.

याहून अधिक वेगाची आकांक्षाही त्या काळी होतीच. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा की यंत्र हाताने वा पायाने चालावे, बाईमाणसाला ते आठ तास फारसे न थकता चालवता यावे, तेवढ्या वेळात 12 ते 20 नंबरचे 16,000 फूट सूत निघावे, किंमत 150 रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षे टिकावे. ताशी दोन हजार फूट म्हणजे साडेसहाशे वारांहून अधिक. साध्या चरख्यावर सराईत हात ताशी साधारण तीन-चारशे वार काढतो. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पुढे मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याने, जे भारतानंद या नावाने येथे रमले आणि पुढे निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणाचे भाषांतरकार म्हणून ओळखले गेले, धनुष-टकळी सिद्ध केली. तिची चाती धनुष्याच्या घर्षणाने फिरते, आणि चाकाचा खर्चच वाचतो. मला ही युक्ती लाखाच्या यंत्राहून मोलाची वाटते, कारण तिने वेग वाढवताना बोटांचे काम काढून घेतले नाही.

वेगाइतकेच सुताचे मोजमापही महत्त्वाचे. 1924 च्या बेळगाव अधिवेशनात, जेथे गांधीजी अध्यक्ष होते, काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी महिन्याला 2000 वार सूत अशी ठरली. 840 वारांच्या जितक्या गुंड्या एका पौंडात बसतात तितका सुताचा नंबर, हा हिशेब लावला तर वीस नंबरचे 2000 वार सूत सुमारे 54 ग्रॅम भरते. वजनाने नगण्य, परंतु त्यामागे पाच-सहा तासांची बैठक आहे. शिकणाऱ्याने हे मोजमाप आरंभापासूनच करावे. सूत गुंडाळण्याच्या फाळक्यावर चार फुटांची एक तार, अशा 160 तारांची लटी आणि चार लट्यांची गुंडी. तिचे वजन तराजूत घातले की आपले सूत कोणत्या नंबरचे ते जवळजवळ बिनचूक कळते, आणि एका गुंडीचे वजन दुसरीशी ताडून पाहिले की समानतेचाही अंदाज येतो. पहिल्या गुंड्या सहासात नंबरच्या निघतात. त्या फेकू नयेत. दोन पदर एकत्र घेऊन टकळीवर उलट दिशेने पीळ द्यावा. जो बळकट दोरा तयार होतो त्यावर क्रोशाची सुई उत्तम चालते, आणि त्याची ताटझाकणी आमच्या शेजारच्या आजींनी कधीच विणायला घेतली आहे.